वळण मोजा, मग ड्रायव्हरला दोष द्या

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण बोरी अरबहून दारव्ह्याला नाहीतर यवतमाळला ज्यांचं रोजचं जाणं-येणं आहे, ज्यांचे पोट्टे मोटारसायकलवर कॉलेजला जातात, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

"चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने अपघात झाला."

हे वाक्य आता आपल्याला पाठ झालं आहे. गाव बदलतं, गाडी बदलते, गेलेल्याचं नाव बदलतं, वाक्य तेच राहतं. सकाळी पेपरात वाचायचं, ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकायची, टपरीवर "हळू चालवाले काय होते बाप्पा?" म्हणायचं आणि कामाला लागायचं. पुढच्या वेळी पुन्हा तेच वळण, पुन्हा तेच वाक्य.

माझं भांडण या वाक्याशी आहे. 'नियंत्रण सुटलं' हे अपघाताचं कारण नाहीच. ते अपघाताचंच दुसरं नाव आहे. माणूस कशानं गेला असं विचारल्यावर डॉक्टर 'श्वास थांबल्यानं' म्हणाला तर आपण त्याला सोडू का? श्वास का थांबला ते सांग म्हणू. मग नियंत्रण का सुटलं, हे रस्त्याच्या बाबतीत का विचारत नाही?

मी बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकात पहिलाच धडा फिरत्या गतीचा आहे आणि त्यात उतार दिलेल्या वळणावरून जाणाऱ्या गाडीचं गणित आहे. दरवर्षी पोट्टे ते सोडवतात, मार्क घेतात आणि क्लास सुटला की गाडीला किक मारून त्याच वळणांवरून घरी जातात. पुस्तकातल्या वळणाला उतार असतो. खरोखरच्या वळणाला आहे का, हे कोणी मोजून बघत नाही. पुस्तक आणि रस्ता यांच्यामधली ही जी जागा आहे ना, तिथं माणसं मरतात.

गणित अवघड नाही. ज्यानं ज्वारीच्या शेतात गोफण फिरवली आहे त्याला ते आधीच येतं. गोफणीतला दगड गोल फिरतो कारण दोरी त्याला सारखी आत ओढत असते. दोरी सोडली की दगड सरळ सुटतो. गाडीचंही तेच. गाडीला कायम सरळच जायचं असतं. तिला वळवायचं तर कोणीतरी आत ओढलं पाहिजे, आणि रस्त्यावर दोरी नसते. ओढणारे दोनच: एक टायरची डांबरावरची पकड आणि दुसरा रस्त्याचा आतल्या बाजूचा उतार. म्हणजे वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच आणि आतली खाली. इंजिनिअर लोक याला सुपर एलिव्हेशन म्हणतात. रस्ता असा कलता असला की गाडीला खालून मिळणारा आधारही आत कलतो आणि ओढण्याचं निम्मं काम तोच करून टाकतो.

ओढ किती लागते? दोनशे मीटर त्रिज्येचं वळण घ्या. दहा टनांचा ट्रक तिथून ताशी ६० ने गेला तर त्याला आत ओढायला सुमारे १.४ टनांचा जोर लागतो. तोच ट्रक ८० ने गेला तर अडीच टन. वेग फक्त वीसनं वाढला, ओढ मात्र जवळपास पावणेदोनपट झाली, कारण इथं वेगाचा वर्ग लागतो. म्हणून वेग कमी ठेवा हे सांगणं शंभर टक्के बरोबर आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दारू पिऊन चालवणारा, मोबाईलवर बोलत चालवणारा, ट्रिपल सीट उडवणारा, यांपैकी कोणाचीही वकिली मी करत नाही.

पण 'कमी' म्हणजे किती? हे कोण सांगणार?

इंडियन रोड्स काँग्रेसनं, म्हणजे रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या आपल्या देशातल्या संस्थेनं, हे सांगून ठेवलं आहे. वेगाचा (ताशी किलोमीटरमध्ये) वर्ग करा, त्याला १२७ गुणिले त्रिज्या (मीटरमध्ये) यानं भागा. जे उत्तर येईल तेवढं उतार आणि पकड यांनी मिळून पुरवायचं. पकड ०.१५ धरायची. सपाट मुलखात उतार जास्तीत जास्त ७ टक्के द्यायचा. ७ टक्के म्हणजे सात मीटर रुंद रस्ता असेल तर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ४९ सेंटिमीटर उंच. अर्ध्या मीटरचा फरक! डोळ्यांना सहज दिसेल इतका. आपल्या भागातल्या किती वळणांवर तुम्हाला तो दिसतो? आज घरी जाताना बघा.

सातच टक्के का, जास्त का नाही, यामागंही आपलीच बैलगाडी आहे. रस्ता फार कलता केला तर कापसानं भरलेली, उंच, हळू चालणारी गाडी आतल्या अंगाला कलंडेल. म्हणून भारतात उतार ठरवताना हळू वाहनांचा विचार करतात आणि ठरवलेल्या वेगाच्या पाऊणपट वेगाला पुरेल एवढाच उतार देतात. बाकीची ओढ टायरवर सोडतात. सांगायचा मुद्दा असा की नियम करणाऱ्यांनी वऱ्हाडातल्या कापसाच्या गाडीचासुद्धा विचार केला होता. विचार सुटला तो नियमाचा कागद डांबरावर उतरताना.

आता खरी गोष्ट. तेच दोनशे मीटरचं वळण, तोच ड्रायव्हर, तेच टायर.

उतार नियमाप्रमाणे ७ टक्के असेल तर हिशेबाचा सुरक्षित वेग येतो ताशी सुमारे ७५.

रस्ता सपाट ठेवला असेल तर सुमारे ६२.

आणि उतार उलटा असेल, म्हणजे बाहेरच्या बाजूला अडीच टक्के पडत असेल, तर ५६.

उलटा उतार कुठून येतो? सरळ रस्ता पाणी निघून जावं म्हणून मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता करतात, माशाच्या पाठीसारखा. सरळ रस्त्याला ते बरोबरच आहे. पण वळणावर ही पाठ मोडून सगळा रस्ता एकाच बाजूला, आतल्या बाजूला, कलता करायचा असतो. ते केलं नाही आणि माशाची पाठ तशीच वळणातून पुढं नेली की आतल्या लेनला उतार बरोबर मिळतो आणि बाहेरच्या लेनला उलटा. आपण डावीकडून चालतो. म्हणजे रस्ता उजवीकडं वळत असेल तेव्हा बाहेरची लेन आपली. नेमकं आपल्यालाच रस्ता बाहेर ढकलतो.

ताशी ६० चा हिशेब करून बघा. उतार बरोबर असेल तर टायरला वजनाच्या ७ टक्के पकड पुरते. उलटा असेल तर साडेसोळा टक्के लागते. दुपटीपेक्षा जास्त! आणि नियमात धरलेली पकड आहे १५. म्हणजे साठच्या वेगालाच हिशेब तुटीत जातो.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे साध्या, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारसायकल, बस आणि ट्रक यांना कमाल ६० आणि कारला ७० ची मुभा आहे. म्हणजे कायदा साठ म्हणतो आणि बिघडलेलं वळण छप्पन्न म्हणतं. कायद्यात राहून चालवणारा माणूसही त्या वळणाच्या हिशेबात 'भरधाव' ठरतो. वळण बिघडलेलं आहे हे त्याला सांगणारा बोर्ड कुठंच नाही.

कोणी म्हणेल, छप्पन्नच्या वर गेलं की गाडी लगेच उलटते का? नाही. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायरची पकड ०.१५ पेक्षा बरीच जास्त असते. पण बाकीची पकड नियमानं राखून ठेवली आहे ती उगाच नाही. ती पावसासाठी आहे. झिजलेल्या टायरसाठी आहे. समोर अचानक गुरं आली आणि वळणातच ब्रेक मारावा लागला, त्या क्षणासाठी आहे, कारण ब्रेकलाही तीच पकड लागते. आणि आपल्याकडं खरिपात शेतातून निघालेला ट्रॅक्टर काळी माती डांबरावर सोडत जातो, त्यावर दोन थेंब पडले की साबण लावल्यासारखा रस्ता होतो, त्यासाठी आहे. रस्त्यानं ती शिल्लक आधीच खाऊन टाकली तर अडचणीच्या वेळी ड्रायव्हरच्या हाती काय उरलं?

आणखी एक. बाहेरच्या लेनमध्ये गाडी ओढली जाते हे ड्रायव्हरला हिशेब न करताही अंगाला कळतं. मग तो काय करतो? मधे सरकतो, आतली बाजू धरतो. समोरून येणारा आपल्या बाजूनं बरोबर येत असतो. वळणावर समोरासमोरची धडक झाली की आपण म्हणतो, "चुकीच्या बाजूनं आला." आला, चुकलंच. पण त्याला तिकडं सरकायला कोणी लावलं, हेही लिहा ना.

उंच गाड्यांचं गणित वेगळं आहे. साधी कार बुटकी आणि रुंद असते, ती उलटण्याआधी घसरते. पण कापसाच्या गाठी, कुटार किंवा गवताचा उंच भारा, नाहीतर मागं मजूर उभे असलेली पिकअप, यांचं वजन वर चढलेलं असतं. वजनाचा मध्य जमिनीपासून दोन मीटरवर आणि चाकांची अर्धी रुंदी नव्वद सेंटिमीटर धरा. साठ मीटरच्या आखूड, सपाट वळणावर असा ट्रक ताशी ५८-५९ ला कागदावरच कलंडतो. प्रत्यक्षात कमान पाटे दबतात, माल सरकतो, बाहेरचं चाक खड्ड्यात किंवा साइडपट्टीच्या खाली जातं, आणि तो त्याच्या आधीच कलंडतो. इथं टायर कितीही नवे असोत, उपयोग नाही. उतारच वाचवतो.

मग हा उतार जातो कुठं? बांधकामातले लोक हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, पण जे उघड आहे ते लिहितो. जुन्या रस्त्यावर नवा डांबराचा थर टाकतात तेव्हा मशीन सारख्या जाडीचा थर अंथरतं. खाली जो दोष आहे तोच वर उमटतो, फक्त काळा कुळकुळीत होऊन. उतार दुरुस्त करायचा असेल तर आधी कमी-जास्त जाडीचा थर देऊन आकार सुधारावा लागतो. त्या कामाला 'प्रोफाइल करेक्टिव्ह कोर्स' असं स्वतंत्र नावही आहे. ते न करता नुसतं वरून गुळगुळीत केलं की काय होतं? खड्डे असताना लोक चाळीसनं जात होते, आता सत्तरनं जातात. रस्ता दिसायला सुधारला आणि वळण होतं तसंच राहिलं. नवीन रस्ता झाल्यावर अपघात वाढले असं आपण म्हणतो आणि पोरांना शिव्या देतो.

त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, रस्त्याच्या कडा खचवते. बांधताना बरोबर दिलेला उतारही चार पावसाळ्यांत बदलू शकतो. म्हणून एकदा मोजून भागत नाही, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं.

रेल्वे हे करते. रुळांच्या वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात. तो किती उंच आहे, वळणाची त्रिज्या किती, लांबी किती, हे वळणाच्या सुरुवातीला बोर्डावर लिहिलेलं असतं. रेल्वेची माणसं वीस मीटरची दोरी लावून वळण तपासतात आणि नोंद ठेवतात. आपली शकुंतला बंद पडली, आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम चालू आहे. त्यातला वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरूही झाला. कधी त्या बाजूला गेलात तर वळणावरचा बोर्ड शोधून वाचा. जिथं गाडी रुळांना धरून असते, ड्रायव्हरला स्टिअरिंगच नाही, तिथं वळणाची कुंडली जाहीर. आणि जिथं सगळं माणसाच्या अंदाजावर आहे तिथं एक वाकडा बाण, तोही असलाच तर, आणि त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स.

आपल्या शेजारून, कारंज्याजवळून, समृद्धी महामार्ग गेला. ७०१ किलोमीटर, ताशी १५० वेगासाठी आखलेला. म्हणजे वळणाचं गणित आपल्या राज्यातल्या इंजिनिअरांना येत नाही असं कोणी म्हणू नये. उत्तम येतं. ते तालुक्याच्या रस्त्यापर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

आता या सगळ्यात आपलं काय अडलं आहे, ते सांगतो. हे नुसतं फिजिक्स नाही, घरातल्या माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे.

मोटारसायकलवाला एकटाच वळणावर पडून गेला तर कागदावर काय येतं? 'भरधाव वेगाने व निष्काळजीपणे वाहन चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत.' मेलेला माणूसच आरोपी. तो काही सांगायला येत नाही आणि वळणाला कोणी विचारत नाही. या दोन शब्दांची किंमत किती आहे? जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं असंच एक प्रकरण आलं होतं. भरधाव आणि निष्काळजीपणे गाडी चालवून स्वतःच मरण पावलेल्या चालकाच्या घरच्यांना भरपाई देण्यास हायकोर्टानं नकार दिला होता. सुप्रीम कोर्टानं त्यात हात घातला नाही. दुसऱ्या कोणाची चूक नसेल आणि सगळा दोष चालकाचाच असेल, तर विमा कंपनीवर बोजा टाकता येत नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते समजण्यासारखं आहे. पण मग सगळा दोष चालकाचाच होता हे ठरवणारा पंचनामा किती नीट झाला पाहिजे? गाडी कुठं पडली, काचा कुठं सांडल्या, ब्रेकचे व्रण किती लांब, हे मोजतात. रस्ता कुठं कलला आहे हे का मोजत नाहीत?

देशाचाही हिशेब असाच चालतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या खान्यात टाकलेले आहेत. अति म्हणजे कशाच्या मानानं अति? त्या जागेचा सुरक्षित वेग मोजलेलाच नसेल तर अति कसा ठरवला? गाडी उलटली म्हणजे वेग जास्त होता, आणि वेग जास्त होता म्हणून गाडी उलटली! परीक्षेत माझ्या विद्यार्थ्यानं असं लिहिलं तर मी शून्य देईन.

उलट बाजूनंही कायदा आहे, तो फारसा कोणी वाचत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न केल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. जिवाची किंमत 'एक लाखापर्यंत' हे वाचून संताप येतो, पण निदान रस्ताही दोषी असू शकतो हे कायद्यानं मान्य केलं. आणि त्याच कलमात एक फार कामाची गोष्ट आहे. कोर्टानं काय काय बघायचं याच्या यादीत, रस्ता धोकादायक आहे हे यंत्रणेला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का, हेही आहे. म्हणजे आपण आधीच मोजमाप करून लेखी दिलं, त्यावर पोच घेतली, तर उद्या कोणाला 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणता येणार नाही. टपरीवरच्या हजार शिव्यांपेक्षा पोच घेतलेला एक कागद भारी.

मोजायला काय लागतं? मोठ्या मशीनची गरज नाही.

त्रिज्येसाठी वीस मीटरची न ताणणारी दोरी. वळणाच्या आतल्या कडेला, जिथं डांबर संपतं त्या रेषेवर, दोरीची दोन टोकं धरा. दोरी साइडपट्टीवर पडते, रस्त्यात उभं राहावं लागत नाही. दोरीच्या बरोबर मध्यापासून डांबराच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. ५० ला त्या अंतरानं (मीटरमध्ये) भागा, त्रिज्या आली. मधलं अंतर २५ सेंटिमीटर आलं तर ५० भागिले ०.२५, म्हणजे २०० मीटर. रेल्वेवाले हेच करतात. दोन-तीन ठिकाणी मोजा, एकाच मापावर जाऊ नका.

उतारासाठी गवंड्याची लेव्हल पाईप, ज्यानं आपण घराच्या जोत्याची पातळी काढतो तीच. एक टोक आतल्या कडेला, एक बाहेरच्या. पाण्याच्या पातळीपासून रस्ता दोन्हीकडं किती खाली आहे त्यातला फरक घ्या, रस्त्याच्या रुंदीनं भागा. मधे, म्हणजे माशाच्या पाठीवरही एक माप घ्या, नाहीतर बाहेरच्या लेनचा उलटा उतार लपून राहतो. एखादी सरळ लांब फळी आडवी ठेवून मोबाईलच्या लेव्हलनं कोन बघितला तरी अंदाज येतो. ७ टक्के म्हणजे ४ अंश, अडीच टक्के म्हणजे जेमतेम दीड अंश. हे काम उजेडात, वर्दळ कमी असताना, दोन्ही बाजूंना लाल फडकं घेऊन माणसं उभी करूनच करायचं. मोजायला जाऊन कोणी मरू नये.

आता हरकती. मला माहीत आहे कमेंटमध्ये काय येणार.

"सर, उतार नीट केला तर पोट्टे अजून जोरात चालवतील." काही चालवतील. म्हणूनच उताराबरोबर वेगाचा बोर्ड हवा, बाण हवेत, रात्री चमकणारे खांब हवेत, कडेची पांढरी रेघ हवी. पण पोट्टे जोरात चालवतात म्हणून रस्ता वाकडाच ठेवायचा, हे म्हणजे घरात चोर येतो म्हणून दारच लावायचं नाही असं झालं.

"वळणावर गतिरोधक टाका, प्रश्न मिटला." नाही मिटत. वळणातच गतिरोधक म्हणजे जिथं टायरला सगळी पकड हवी तिथं चाक उडवायचं. रात्री, बिनरंगाचा, बिनबोर्डाचा गतिरोधक मोटारसायकलवाल्याला सापळाच असतो. अपघात झाला की रागाच्या भरात गावकरी मागतात आणि यंत्रणा खूश होऊन देते, कारण वळण दुरुस्त करण्यापेक्षा ते स्वस्त असतं. वेग कमी करायचाच तर वळणाच्या बऱ्याच आधी, इशारा देऊन करा.

"रस्ता रुंद करा." करा, पण वळणावर नुसतं रुंद केलं आणि वाढवलेली पट्टी तशीच बाहेर उतरती ठेवली तर आणखी एक लेन संकटात घातली.

"जमिनी जातील, वळण सरळ होणार नाही." वळण सरळ करा असं मी म्हणतच नाही. ओढा, शेत, वस्ती यांना वळसा घालून रस्ता जातो, जावा. वळण वाईट नसतं. जेवढं आहे त्याला साजेसा उतार द्या, आणि देता येत नसेल तर त्या वळणाला कोणता वेग झेपतो ते खरं खरं बोर्डावर लिहा. ४० असेल तर ४० लिहा. खोटं नको.

माझ्या मागण्या तीनच आहेत.

पहिली: बोरी अरबमधून जाणाऱ्या आणि तालुक्यातल्या प्रत्येक मुख्य रस्त्यावरच्या प्रत्येक वळणाची त्रिज्या, उतार आणि सुरक्षित वेग मोजून जाहीर करा आणि तो वेग वळणाआधी बोर्डावर लावा. दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा.

दुसरी: डांबराचा नवा थर टाकताना वळणाचा उतार आधी आणि नंतर मोजल्याची नोंद असल्याशिवाय बिल काढू नका. जाडी मोजता, मग उतारही मोजा.

तिसरी: वळणावर माणूस गेला तर पंचनाम्यात वळणाची त्रिज्या आणि उतार लिहिल्याशिवाय 'भरधाव' हा शब्द लिहू नका.

यासाठी आपल्या हातात काय आहे? ग्रामसभा आहे, तिथं ठराव घ्या. माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जावर आपल्या रस्त्याचा नकाशा, वळणांचा तक्ता आणि उताराची मोजमापं मागता येतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नुसते कागदच नाही, त्या कायद्यात प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा हक्कही आहे. जिल्ह्याची रस्ता सुरक्षा समिती आहे, तिच्याकडं ठराव आणि मोजमाप दोन्ही पाठवा. नुसतं 'रस्ता खराब आहे' असं लिहिलं तर फाइल फिरत राहते. 'अमुक किलोमीटरवरच्या वळणाची त्रिज्या २००, बाहेरच्या लेनचा उतार उणे अडीच टक्के, नियमाप्रमाणे हवा ७' असं लिहिलं तर उत्तर आकड्यातच द्यावं लागतं. सरकारी टेबलावर रडण्यापेक्षा आकडा जास्त वेळ टिकतो.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मी दोरी, टेप आणि लेव्हल पाईप घेऊन निघणार आहे. माझे बारावीचे दहा-बारा विद्यार्थी त्यांच्या घरच्यांना विचारून येणार आहेत. एखादे गवंडीभाऊ आले तर फार बरं होईल, पातळी आमच्यापेक्षा त्यांना चांगली कळते. एसटी आणि ट्रक चालवणाऱ्या भाऊंनी तर नक्की यावं. कोणत्या वळणावर गाडी बाहेर ओढते हे तुमच्या हातांना ठाऊक आहे, आम्ही फक्त त्याचा आकडा काढू. येणं जमत नसेल तर तुम्हाला खटकणारं वळण कोणत्या किलोमीटरच्या दगडाजवळ आहे ते खाली कमेंटमध्ये लिहा.

मोजलेला प्रत्येक आकडा इथंच टाकीन. ज्या वळणाचा उतार बरोबर निघेल त्याचाही टाकीन, कारण ज्यांनी काम नीट केलं त्यांचं नाव खराब व्हायला नको. आणि जिथं रस्ता बाहेर ढकलताना सापडेल, तिथं त्याच आठवड्यात अर्ज जाईल, पोच घेऊन.

पोस्ट पटली तर शेअर करा. नाही पटली तर कुठं चुकलं ते सांगा, पण आकड्यानिशी सांगा.